ट्यूबलाइट, डाळीचा दाणा आणि हरवलेलं भिंग

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. गेल्या मे महिन्यात ती खाली उतरवली. आत जुन्या कांबळ्यात गुंडाळलेलं एक जडशीळ यंत्र निघालं. वर दोन दांडे, मागे जाळीदार झाकण, आत दिवा आणि पुढे… पुढे नुसतं गोल भोक.

माझी सहावीतली भाची त्या भोकात बोट घालून म्हणाली, "मामा, ह्याचं तोंड कुठाय?"

ते यंत्र म्हणजे सिनेमाचा प्रोजेक्टर. थेटरातला अवाढव्य नव्हे, घरात टेबलावर ठेवून दाखवायचा छोटा. माझे थोरले काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी तो हॅम्बुर्ग बंदरात विकत घेतला आणि सुट्टीवर येताना घरी आणला. सोबत पेढ्याच्या डब्यात सहा छोटी रिळं होती. आई, म्हणजे भाचीची आजी, तो डबा बघताच उठून जवळ आली. "अगो, मुंजीची फिल्म आसा त्यात!" माझ्या मोठ्या भावाची मुंज, साठ वर्षांपूर्वीची. दिवा होता, मोटर फिरत होती, फिल्मही होती. फक्त पुढचं भिंग, म्हणजे लेन्स, कुठे गेलं ते कुणालाच आठवेना. आणि भिंगाशिवाय मुंज दिसणार नव्हती.

का नाही दिसणार? आम्ही दिवा लावून पाहिला. भिंतीवर नुसता पांढरट डाग पडला, धुक्यासारखा. फिल्मवरचा प्रत्येक ठिपका उजेड सोडत असतो, पण तो शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तसा, चहूकडे. एका ठिपक्याची किरणं दुसऱ्याच्या किरणांत मिसळतात आणि भिंतीवर सगळा कालवा होतो. भिंग काय करतं? एकेका ठिपक्याची पांगलेली किरणं गोळा करतं आणि भिंतीवर एकाच जागी नेऊन पोचवतं. हजारो ठिपके, प्रत्येकाचं घर वेगळं, आणि एकाचीही चुकामूक नाही. मला हे आजही जादूइतकंच नवलाचं वाटतं.

तुमच्याकडे वाचायचं भिंग असेल तर आत्ताच करून बघा. दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका जागी भिंतीवर खिडकी उमटेल, गजांसकट, बाहेरच्या माडासकट, आणि सगळं उलटं. प्रोजेक्टरमध्येही असंच होतं, म्हणून तिथे फिल्मवरचं चित्र मुद्दाम डोकं खाली, पाय वर असं ठेवतात. भिंग ते पुन्हा उलटवतं आणि भिंतीवर मुंजा मुलगा सरळ उभा राहतो.

भिंगापासून ज्या अंतरावर दूरच्या वस्तूचं असं स्पष्ट चित्र पडतं, त्याला नाभीय अंतर म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा. हरवलेल्या भिंगाच्या जागी दुसरं आणायचं तर पहिला प्रश्न हाच असतो: नाभीय अंतर किती हवं?

त्यासाठी आधी फिल्मकडे बघायला हवं. आमच्या फिल्मची पट्टी ८ मि.मी. रुंद होती, एका कडेला चौकोनी भोकं असलेली. ही पट्टी कोडॅक कंपनीने १९३२ साली काढली. त्याआधी, १९२३ पासून, हौशी लोकांसाठी १६ मि.मी.ची फिल्म होती, पण ती महाग पडे आणि १९३२ चे दिवस मंदीचे होते. तेव्हा त्यांनी १६ मि.मी.चीच फिल्म घेतली, तिला दुप्पट भोकं पाडली, आणि कॅमेऱ्यात आधी अर्ध्या रुंदीवर, मग रीळ उलटं लावून उरलेल्या अर्ध्या रुंदीवर चित्रण करायची सोय केली. धुऊन झाल्यावर फिल्म मधोमध उभी कापायची आणि दोन पट्ट्या टोकाला टोक जोडायच्या. २५ फुटांची ५० फूट झाली! चालायची मात्र चारच मिनिटं. १९६५ साली 'सुपर ८' आली. तिची पट्टीही ८ मि.मी.चीच, पण भोकं लहान केल्यामुळे चित्राला जास्त जागा मिळाली. म्हणून जुनी ८ आणि सुपर ८ यांत गल्लत करायची नाही. भोकं बघायची.

आता गंमत बघा. प्रोजेक्टरमध्ये फिल्मवर उजेड पडतो तो एका इवल्या चौकटीतून. जुन्या ८ मि.मी.साठी ही चौकट साधारण ४.४ मि.मी. रुंद आणि ३.३ मि.मी. उंच. म्हणजे मसुराच्या डाळीचा एक दाणा! मुंज, मांडव, वेंगुर्ल्याचं अंगण, पन्नास पाहुणे, सगळे त्या दाण्यात बसलेले. सुपर ८ ची चौकट साधारण ५.४ मि.मी. रुंद आणि १६ मि.मी.च्या फिल्मची ९.६.

हा दाणा भिंतीवर किती मोठा होणार? इथे तुमचं शाळेतलं त्रैराशिक कामाला येतं. भिंतीचं भिंगापासूनचं अंतर नाभीय अंतराच्या जितके पट, तितक्या पट चित्र मोठं. बस, एवढंच! आमची माजघरातली भिंत भिंगापासून ३ मीटर लांब, म्हणजे ३००० मि.मी. भिंग २० मि.मी. नाभीय अंतराचं असेल तर ३००० भागिले २० म्हणजे १५० पट. ४.४ गुणिले १५०, म्हणजे ६६० मि.मी. सहासष्ट सेंटिमीटर रुंद चित्र. भिंग २५ मि.मी.चं असेल तर १२० पट, म्हणजे जेमतेम ५३ सेंटिमीटर. नाभीय अंतर जितकं कमी, तितकं चित्र मोठं. हे पहिल्यांदा उलटंच वाटतं, म्हणून वहीत दोन-तीन उदाहरणं मांडून बघाच.

भाचीला अख्ख्या चादरीएवढं, दीड मीटर रुंद चित्र हवं होतं. आम्ही उलटं गणित केलं. ४.४ गुणिले ३००० भागिले १५००, उत्तर ८.८ मि.मी. इतक्या कमी अंतराची भिंगं अशा प्रोजेक्टरसाठी सहसा नसतात. शिवाय दिव्याचा तेवढाच उजेड पाचपट जास्त जागेवर पसरला असता आणि चित्र फिकं पडलं असतं. आमच्या ६६ सेंटिमीटरच्या चित्रातही उजेड दाण्याच्या साडेबावीस हजार पट जागेवर पसरतो! तेव्हा आमचं ठरलं: २० मि.मी.च्या आसपासचं भिंग शोधायचं.

पुण्याच्या जुन्या बाजारात एक भिंग मिळालं. भिंगाची नळी ज्यात बसते त्या भोकाची रुंदी मी व्हर्निअर कॅलिपरने मोजून नेली होती. भिंग भोकात असं बसलं की जणू त्याच्यासाठीच घडवलेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवा लावला, भिंग बरंच बाहेर ओढलं तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. आणि ते होतं फुलस्केप वहीच्या पानाएवढं!

भाचीने भिंगाच्या कडेवरची अक्षरं वाचली. '२ इंच' असं कोरलं होतं. मी ती नळीची लांबी समजलो होतो, ते होतं नाभीय अंतर. अमेरिकेत-इंग्लंडात ते पूर्वी इंचांत लिहीत. २ इंच म्हणजे जवळजवळ ५१ मि.मी. त्रैराशिक मांडलं, उत्तर २६ सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवर दिसत होतं अगदी तेच. हे भिंग १६ मि.मी.च्या प्रोजेक्टरचं होतं. तिथे फिल्मवरचं चित्रच मोठं असतं, म्हणून त्याच भिंतीवर त्याने ५७ सेंटिमीटरचं चित्र दिलं असतं. भिंगात खोट काहीच नव्हती, ते फक्त दुसऱ्या घरचं होतं. नळी जुळली, उजेड जुळला नाही.

(असाच घोळ स्लाइड दाखवायच्या प्रोजेक्टरचं भिंग आणलं तर होतो. ती बहुधा ८५ मि.मी.ची असतात. आमच्या भिंतीवर त्यातून पोस्टकार्डाएवढी मुंज दिसली असती.)

पण भिंगावर काही लिहिलेलंच नसेल तर? अक्षरं झिजलेली असतील तर? यावर एक सुरेख उपाय आहे आणि तो तुमच्या घरात टांगलेला आहे. ट्यूबलाइट!

नेहमीची ट्यूब ४ फूट, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर लांब असते. आता टेपने मोजून ट्यूबपासून बरोबर २४० सेंटिमीटरवर, म्हणजे ट्यूबच्या लांबीच्या दुपटीवर, भिंग धरायचं. ट्यूबच्या अगदी समोर, तिरकं नको. भिंगाची जी बाजू प्रोजेक्टरमधून भिंतीकडे असते ती ट्यूबकडे करायची आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. कागद थोडा मागेपुढे केला की त्यावर एक झगझगीत इवलीशी ट्यूब उमटते, टाचणीएवढी. पट्टीने तिची लांबी मोजा. ती दुप्पट केली की झालं तुमचं नाभीय अंतर! कारण तेच त्रैराशिक, फक्त उलट्या दिशेने. ट्यूब तिच्या अंतराच्या निम्मी, म्हणून तिचं चित्र नाभीय अंतराच्या निम्मं. आमच्या २ इंची भिंगात ट्यूब अडीच सेंटिमीटरच्या किंचित वर आली. बरोबर ना?

तुम्ही विचाराल, भिंग आणि कागद यांच्यातलंच अंतर का मोजायचं नाही? वाचायच्या साध्या भिंगात ते चालतं. पण प्रोजेक्टरच्या नळीत एक नव्हे, तीन-चार काचा एकामागे एक बसवलेल्या असतात. अंतर नेमकं कुठल्या काचेपासून मोजायचं? नळीच्या टोकापासून मोजलं तर उत्तर फसवं येतं. ट्यूबच्या चित्राची लांबी मात्र काचा कितीही असोत, फसवत नाही.

तीन-चार काचा कशाला, असा प्रश्न भाचीलाही पडला. एकाच काचेतून मधलं चित्र जरा बरं दिसतं, पण कडा पसरतात आणि रंगांची झालर येते. उजेड भरपूर हवा आणि चित्रही रेखीव हवं, या दोन हट्टांतून अनेक काचा जुळवून मार्ग काढला तो व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी, १८४० साली. त्या काळी फोटो काढायचा तर भिंगातून इतका कमी उजेड येई की माणसाला कितीतरी वेळ पुतळ्यासारखं बसावं लागे. बाकीचे कारागीर काचा घासून, लावून, बघून, पुन्हा घासून भिंगं बनवत. पेट्झवाल यांनी आधी सगळं कागदावर मांडलं, किरण कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठे पोचेल. आकडेमोड इतकी प्रचंड होती की मदतीला लष्करातले तोफखान्याचे जवान दिले गेले होते. गोळा कुठे पडेल याचे हिशोब करणारी ही माणसं किरण कुठे पडेल याचे हिशोब करत बसली! त्या भिंगातून पूर्वीपेक्षा कितीतरी पट उजेड आला. माणसांच्या फोटोंसाठी बनवलेली ही रचना पुढे काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणाऱ्या मॅजिक लँटर्नमध्ये आणि सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये जाऊन बसली. आपल्याकडे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले, 'शांभरिक खरोलिका' नावाने. सिनेमा यायच्या आधीची ती मॅजिक लँटर्नच. पेट्झवालच्या रचनेत एक उणीव राहते: मध्यभागी चित्र अगदी रेखीव, पण कोपऱ्यांत थोडं मऊ. जुन्या प्रोजेक्टरच्या चित्रात कोपरे धूसर दिसले तर प्रत्येक वेळी भिंग बिघडलेलंच असेल असं नाही.

भिंगावर आणखी एक आकडा असतो, १.६ किंवा १.४ असा. नाभीय अंतराला भिंगाच्या उजेड घेणाऱ्या तोंडाच्या रुंदीने भागलं की तो मिळतो. २० मि.मी.च्या भिंगावर १.६ असेल तर तोंड साडेबारा मि.मी.चं. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. १.४ चं भिंग १.६ पेक्षा सुमारे ३० टक्के जास्त उजेड घेऊ शकतं. घेऊ शकतं म्हणतोय, कारण मागच्या दिव्याचा झोत तेवढा रुंद नसेल तर मोठ्या तोंडाचा काही उपयोग नाही. म्हणून यंत्राबरोबर मुळात जो आकडा होता त्याच्या जवळपासचाच घ्यावा. नुसत्या लहान आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

दुसरं भिंग मुंबईच्या चोर बाजारात मिळालं. ह्या वेळी भाची सोबत होती आणि तिने दुकानातच ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. दुकानदारकाकांनी हसून टेप दिली. कागदावरची ट्यूब १० मि.मी. भरली. दुप्पट वीस! मग भिंग तिरकं धरून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आतून पाहिलं. हे कधीही विसरू नका. आपल्या पावसाळी हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेवर पसरलेले दिसतात. अशी बुरशी काचेवरचा पातळ लेप खाते आणि मग पुसून जात नाही. आमचं भिंग स्वच्छ होतं. घरी आणल्यावर ते डब्यात ठेवलं, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्यांसह. त्यातले सिलिका जेलचे दाणे हवेतली ओल शोषून घेतात.

फक्त एकच अडचण होती. ह्याची नळी भोकापेक्षा ०.४ मि.मी. बारीक निघाली. एवढंसं तर आहे, असं वाटतं ना? पण नळी डुगडुगली की चित्र नाचतं. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. मी त्याची पट्टी कापली (धार लागते, म्हणून हे काम मोठ्यांचं) आणि नळीभोवती दोन वेढे दिले. दोन वेढे म्हणजे एका बाजूला ०.२, समोरच्या बाजूला ०.२, मिळून ०.४. नळी घट्ट बसली आणि तरी बोटांनी हळूच मागेपुढे सरकवता येत होती.

ती सरकायलाच हवी, कारण चित्र स्पष्ट करायचं ते भिंग सरकवूनच. किती सरकवायचं माहीत आहे? समजा, ३ मीटरवरची भिंत सोडून आम्ही ६ मीटरवर, थेट ओसरीच्या टोकाला चित्र पाडलं, तर २० मि.मी.चं भिंग फिल्मकडे फक्त ०.०७ मि.मी. सरकवावं लागेल. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी! म्हणूनच नळी श्वास रोखून फिरवावी लागते. आणि तेवढ्याच जाडीचा एखादा केस चौकटीत अडकला, तर १५० पट होऊन भिंतीवर करंगळीएवढा जाड, वळवळता दिसतो. दर खेळाआधी चौकट मऊ ब्रशने साफ करायची ती ह्यासाठी.

फिल्म लावायच्या आधी आम्ही यंत्र तसंच रिकामं चालवलं. भिंतीवर पांढरा चौकोन पडला. भाचीने टेप लावली. ६६ सेंटिमीटर! वहीतलं उत्तर भिंतीवर जसंच्या तसं उतरलं होतं. तिने ते आकड्याखाली दोन रेघा मारून अधोरेखित केलं.

मग फिल्मचा वास घेतला. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागलेली असते आणि प्रोजेक्टरवर चढवायची नसते. आमच्या रिळांना फक्त जुन्या ट्रंकेचा वास होता. वायरिंग आधीच गावातल्या वायरमनकडून नवं करून घेतलं होतं. जुन्या यंत्राचा प्लग तपासल्याशिवाय कधीही लावू नका, आणि दिवा पेटलेला असताना भिंगात डोळा घालून बघू नका.

संध्याकाळी दारं लावली, आईचं पांढरं लुगडं भिंतीवर ताणलं. मोटर टरटरू लागली. आधी नुसती पांढरी-काळी भिरभिर, मग भाचीने नळी केसभर फिरवली आणि धुक्यातून अंगण वर आलं. तुळशीवृंदावन, केळीचे खांब, आणि गोटा केलेलं एक आठ वर्षांचं पोर, डोळ्यांत धूर गेल्यामुळे रडणारं. मागून नऊवारीतली एक पंचविशीची बाई येते, पदराने त्याचे डोळे पुसते आणि कॅमेरा दिसताच लाजून वळते. आई खुर्चीतून उठली आणि लुगड्याजवळ गेली. तिची सावली चित्रावर पडली, पण कुणी तिला बस म्हटलं नाही.

तुमच्या घरात, आजोळी, शेजारच्या काकांकडे असं एखादं तोंड नसलेलं यंत्र माळ्यावर असेल तर मोठ्यांना विचारून खाली उतरवा. ते नसलं तरी वाचायचं भिंग आणि ट्यूबलाइट आहेच. २४० सेंटिमीटरवर भिंग धरा, कागदावरची ट्यूब मोजा, दुप्पट करा आणि जो आकडा येईल तो आम्हाला पोस्टकार्डावर लिहून पाठवा.